वर्गणीच्या वहीत नसलेली घरं

शिमग्याची वर्गणी मागायला मी पहिल्यांदा घराबाहेर पडलो तेव्हा दहावीला गणितात गचकलो होतो आणि वडिलांनी ‘निदान हे तरी नीट कर’ म्हणत वही हातात दिली होती. आता एकसष्टावं सरलं. वही अजून माझ्याकडेच आहे. तीच नव्हे, मधल्या काळात सातआठ भरल्या असतील, पण जात तीच. लाल कापडी पुठ्ठ्याची, लांबट, रोजमेळ लिहितात ती. चिपळुणात माझं वह्या-पुस्तकांचं दुकान आहे, त्यामुळे वही निदान फुकट मिळते. मंडळाला माझा तेवढाच उपयोग, असं आमची आई म्हणते.

या वहीत नाव आणि रक्कम एवढंच असतं असं बाहेरच्याला वाटेल. खरी गंमत शेवटच्या रकान्यात, ‘शेरा’ असं लिहिलेल्या. ‘किल्ली समोरच्या वहिनींकडे.’ ‘कुत्रा.’ ‘सुतक, यंदा पालखी नाही, पुढल्या साली नवस.’ ‘मुलगा ठाण्याला, फोन करावा, फोन उचलत नाही, पुन्हा करावा.’ ‘आजी एकट्या. वर जाऊन घ्यावी, खाली बोलावू नये.’ या शेऱ्यांतले काही माझ्या वडिलांच्या अक्षरातले होते, ते मी दर नव्या वहीत जसेच्या तसे उतरवत आलो. त्या आजी कधीच्या गेल्या. त्यांची सून आता त्याच खोलीत एकटी असते आणि तिचेही गुडघे गेलेत, त्यामुळे शेरा कायम.

गेल्या दिवाळीत धाकट्या भावाचा मुलगा आला. पुण्यात नगररचना शिकतो. त्याला कॉलेजातून एक काम दिलं होतं, शहरातल्या ‘सांस्कृतिक मालमत्तां’ची यादी करायची. कल्चरल मॅपिंग म्हणतात म्हणे याला. फराळाचं ताट बाजूला सारून तो मला समजावत बसला की जगभरात शहरं आता रस्ते-गटारांपलीकडे बघायला लागली आहेत, आपल्या कलेच्या, सणांच्या, खाण्याच्या जोरावर वस्त्या सुधारतात, माणसं जोडतात. मुंबईत १९९९ पासून काळा घोडा महोत्सव भरतो. कोलंबियात मेडेलीन नावाचं शहर आहे, एके काळी खूनखराब्यासाठी बदनाम. तिथे डोंगरावरच्या गरीब वस्त्यांत मोठमोठी वाचनालयं बांधली आणि खालून वर जायला केबल कार काढली. युनेस्कोची सर्जनशील शहरांची यादी आहे, त्यात २०१९ साली मुंबई सिनेमासाठी आली आणि हैदराबाद खाण्यासाठी.

‘‘मग चिपळूण कशासाठी यायचं?’’ मी विचारलं.

‘‘पुरासाठी,’’ आई आतून म्हणाली.

तरी आम्ही यादी केली. पहिलं नाव लोटिस्मा. बाहेरगावच्यांसाठी सांगतो, लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर. १८६४ सालचं वाचनालय, म्हणजे मेडेलीनच्या आधीचं, हे मी मुद्दाम पुतण्याला ऐकवलं. २००५ च्या पुरात पुस्तकं गेली, पुन्हा उभं राहिलं, २०१३ च्या जानेवारीत शहाऐंशिव्या मराठी साहित्य संमेलनाचं यजमानपद केलं, २०२१ ला पुन्हा पाण्याखाली गेलं आणि पुन्हा उभं राहिलं. मग ग्रामदैवत जुना काळभैरव. विंध्यवासिनी. घाटातला परशुराम. गोवळकोटचा गोविंदगड, आणि तिथल्या करंजेश्वरीचं शेरणं. शेरणं म्हणजे काय हे पुतण्याला फॉर्ममध्ये दोन ओळींत लिहायचं होतं, ते त्याला काही जमेना. नारळ कुठे तरी लपवून ठेवलेला असतो, आणि पालखी खांद्यावर घेतलेले लोक पालखी नेईल तिकडे धावतात आणि तो काढतात. गर्दी कितीही असो, त्या क्षणी जो श्वास सगळ्यांचा मिळून थांबतो तो फॉर्मच्या कुठल्या रकान्यात घालायचा? ‘अमूर्त वारसा’ असं लिहून त्यानं वेळ मारून नेली.

शेवटची ओळ उरली होती. मी म्हटलं, तिथे लिही, वर्गणीची वही.

तो हसला. ‘‘काका, ही मालमत्ता नाही. हे रजिस्टर आहे.’’

तेव्हा त्याला जे सांगितलं तेच इथे लिहितोय. सांगताना फराळ दोनदा झाला.

आधी पालखीचं. शिमग्यात पालखीत देवाची रूपं, म्हणजे मुखवटे, लागतात आणि पालखी घरोघर फिरते हे कोकणात कुणाला सांगायला नको. रत्नागिरीत भैरीची पालखी निघते तेव्हा पोलीस सलामी देतात, इतका तो देव शहराचा आहे. पण शहरात पालखी फिरवणं आणि गावात फिरवणं यात फरक आहे. गावात अंगण असतं. आमच्या आळीत आता उरलीत जिने, पार्किंग, पत्र्याच्या शेडी आणि वरून लोंबणाऱ्या केबली. पालखी उचलून नाचवायची तर दोन्ही बाजूंना माणसं धरून जागा लागते, आणि ती वर उडते तेव्हा उंचीही लागते. त्यामुळे आमच्या आळीचा एक अलिखित नियम आहे. कुणीही ओटा पुढे काढो, टपरी टाको, जिना रस्त्यात आणो, पालखी अडणार नाही एवढंच. चाळीस वर्षांत मी नोटिसा येऊन गेलेल्या पाहिल्या, मोजणी झालेली पाहिली. आळीचा रस्ता खऱ्या अर्थानं कुणी राखला असेल तर तो फाल्गुनातल्या त्या एका दिवसाच्या भीतीनं. एकाने शटरपुढे लोखंडी जाळी बसवली होती. होळीच्या आधी चार दिवस त्याची त्यानंच कापली. कुणी बोललंसुद्धा नव्हतं.

आणि जिथून पालखी जाते तिथून अॅम्ब्युलन्स जाते. हे मला पुतण्यानं सांगायला हवं होतं, मी त्याला सांगितलं. शेजारच्या आळीत पालखी नेण्याचं बरीच वर्षं बंद आहे, मानपानावरून. तिथे गेल्या साली एका काकांना छातीत दुखायला लागलं तेव्हा खुर्चीत बसवून नाक्यापर्यंत आणावं लागलं.

आता पूर. ज्यांना वाचून कंटाळा आलाय त्यांनी हा भाग सोडून दिला तरी चालेल, पण चिपळूणकर पुरावर बोलायला लागला की थांबत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

२००५ च्या २६ जुलैला दुकानात पाणी तिसऱ्या फळीला लागलं होतं. ती खूण मी भिंतीवर रंगानं काढून ठेवली होती आणि पुढची सोळा वर्षं पावसाळ्यात सगळा माल चौथ्या फळीपासून वर. हिशेबी माणूस! २०२१ साली शाळा बंद होत्या, कोरोनामुळे मागच्या साली घेतलेल्या वह्याच पडून होत्या, त्याही सगळ्या वर रचलेल्या. २१ जुलैला दिवसभर पाऊस. पौर्णिमा तोंडावर, म्हणजे खाडीला उधाण. वाशिष्ठीचं पाणी खाली उतरायला जागा नाही. कोयनेचं पाणी बोगद्यांतून वीज करून पश्चिमेला येतं ते कोळकेवाडीवरून शेवटी याच नदीला मिळतं, ते वेगळंच. २२ तारखेला पहाटे आईनं उठवलं, ‘‘खालून आवाज येतोय.’’ जिन्यात बॅटरी मारली तर पायऱ्या मोजता येईनात. दिवस उजाडेपर्यंत बाजारपेठेत दुकानांच्या पाट्या तेवढ्या दिसत होत्या. माझी पाटीही दिसत नव्हती.

आळीतल्या चार बैठ्या घरांतल्या माणसांना गोवळकोटकडच्या पोरांनी होडीतून काढलं. पुढे तीन दिवस वीज नाही, फोन नाही. पाणी उतरलं तेव्हा गुडघाभर चिखल, आणि त्या चिखलात माझ्या सगळ्या वह्या फुगून एकेक वीट झालेली. फावड्यानं काढल्या. वर्गणीची वही मात्र कोरडी होती, कारण ती दुकानात नव्हतीच, घरी माळ्यावर देवाच्या अब्दागिरीशेजारी प्लास्टिकच्या पिशवीत होती.

मग मदत आली. पुण्यामुंबईकडून, घाटावरून, कुठून कुठून गाड्या आल्या. पाणी, बिस्किटं, चादरी, भांडी. माणसं मनापासून आली होती, त्यात खोट नव्हती. पण गाडी लागायची हमरस्त्यावर, आणि हमरस्त्यावरच्या घरात तीन तीन चादरी जमल्या. आत आळीत, जिथे चिखलातून चालवत नव्हतं, तिथे दुसऱ्या दिवशीपर्यंत पाण्याची बाटलीही पोचली नाही. एका गाडीवरच्या मुलानं मला विचारलं, ‘‘काका, तुमच्याकडे लिस्ट आहे का कुणाची?’’

मी घरी जाऊन वही आणली.

पुतण्याला मी नेमकं इथंच थांबवून विचारलं, कुठल्या सरकारी यादीत लिहिलेलं असतं की आजींना खाली बोलावू नये? रेशनकार्डाच्या यादीत नावं असतात, पण किल्ली कुणाकडे ते नसतं. घरपट्टीच्या यादीत मालक असतो, तो डोंबिवलीला. आमच्या वहीत २१२ घरं होती, चालण्याच्या क्रमानं, ज्या क्रमानं पालखी जाते त्या क्रमानं. शिमग्यात देव उचलणारी तीच पोरं, तीच खांद्याची जोडी ठरलेली. त्यांनी तोच रस्ता धरला आणि पालखीऐवजी पाण्याचे कॅन नेले. कुणी कुणाला शिकवलं नाही. जिना अरुंद कुठे, गल्लीत वाकायचं कुठे, हे त्यांच्या खांद्यांना ठाऊक होतं. दीड दिवसात २१२ घरं झाली.

त्या संध्याकाळी मी मोठ्या रुबाबात शटरसमोर टेबल टाकून बसलो होतो, हे कबूल करतो.

तेवढ्यात पलीकडच्या मोहल्ल्यातले चाचा आले. त्यांचं माझं बोलणं तोपर्यंत ‘काय म्हणता, बरं आहे’ इतपतच. ते इमारतींना रंग देण्याची कामं घेतात, मुलांना वह्या माझ्याकडून नेतात. त्यांच्या हातात जमातीची यादी होती, झकात आणि रमजानच्या शिध्यासाठी ठेवतात ती. आमच्यासारखीच, शेऱ्यांसकट. विधवा, आजारी, घरात कमावतं कुणी नाही. त्यांचंही वाटप उरकलं होतं आणि त्यांच्याकडे तांदूळ उरला होता. म्हणाले, ‘‘तुमची लिस्ट बघू. आमच्यात नसलेली घरं तुमच्यात असतील, तिथं देऊ.’’

दोन्ही याद्या टेबलावर शेजारी ठेवल्या. मेणबत्ती होती. एकही नाव दोन्हीकडे नव्हतं, ते तर असणारच नव्हतं. पण चाचांना रंगाच्या कामामुळे इमारती पाठ. ते बोटांवर मोजायला लागले. नाल्याकडेच्या पत्र्याच्या खोल्या, तिथे विजापूरकडची गवंडीकाम करणारी कुटुंबं. त्या तुमच्यात? नाहीत. आमच्यातही नाहीत. नव्या पाच मजली इमारतीतले भाडेकरू, बँकेत बदलून आलेले, कंपनीत नोकरीला असलेले? तळमजल्यावरचा नेपाळी वॉचमन आणि त्याची बायको? हॉस्टेलसारख्या खोलीत राहणाऱ्या नर्सिंगच्या मुली? बेकरीतली पोरं, उत्तरेकडची? मी प्रत्येक वेळी पान उलटायचो आणि मान हलवायचो. सत्तरच्या वर घरं निघाली. माझ्या दुकानापासून दोनशे पावलांत.

मला तिथे दुकानात बसून छत्तीस वर्षं झाली होती. त्या विजापूरच्या मुलांना मी पेन्सिली विकल्या होत्या.

रात्री आम्ही दोघं आणि चार पोरं त्या खोल्यांकडे गेलो. पत्रे वाहून गेले होते. माणसं शेजारच्या अर्धवट बांधकामाच्या दुसऱ्या मजल्यावर, तीन दिवस. ज्या इमारतीचा गिलावा तेच करत होते तिच्यात. एक बाई पोराला पाजत बसली होती, तिनं आधी विचारलं की हे सामान किती पैशांना. एवढंच सांगतो, पुढचं लिहवत नाही.

त्या पुराची दुसरी एक गोष्ट मात्र सांगतोच, ती हसू येण्यासारखी आहे. आमच्याकडे गणपतीचा पाट आधीच कारखान्यात नेऊन देतात, मूर्ती त्याच पाटावर होते. पुरात कारखान्यात पाणी शिरलं, शाडूची माती जिथून आली तिथे गेली, आणि पाट तरंगत निघाले. पाटाच्या खालच्या बाजूला खडूनं किंवा रंगानं घराचं नाव लिहिलेलं असतं. पुढचे पंधरा दिवस गटारातून, कुंपणातून, कुणाच्या माडीच्या कठड्यावरून पाट निघत होते आणि लोक ते हातात घेऊन पत्ता विचारत फिरत होते. आमचा पाट मिळाला तो पार खाडीकडच्या एका घरातून. त्या घरच्या माणसानं धुऊन, उन्हात वाळवून, वर हळदकुंकू लावून दिला. १० सप्टेंबरला चतुर्थी होती. मूर्ती त्या साली हातभर कमी उंचीच्या होत्या, पण पाट बहुतेकांचे आपापले होते.

डिसेंबरात गाळासाठी साखळी उपोषण झालं, चिपळूण बचाव समितीचं. वाशिष्ठी आणि शिव नदीतला गाळ काढा एवढीच मागणी. रोज कोण बसणार याची पाळी लावायची होती, आणि मी पाहिलं की प्रत्येक आळी आपली पाळी कशी लावते, तर शिमग्याच्या खांद्यांसारखी. आज हे, उद्या ते, यांच्या घरी लग्न आहे तर यांच्या बदल्यात ते. बाजारातले व्यापारी, डॉक्टर, रिक्षावाले, मोहल्ल्यातले लोक, सगळे आळीपाळीनं. गाळ काढायला पुढे सुरुवात झाली. तो पुरता निघाला का, हा वेगळा विषय आहे आणि त्यावर नदीकाठच्या माणसाला विचारलंत तर चहा थंड होईल.

मग २०२२ चा शिमगा. दोन वर्षं निर्बंधांत गेल्यावर पालखी मोकळेपणानं निघणार होती. फेब्रुवारीत देवळाच्या सभामंडपात बैठक. मी वही घेऊन उभा राहिलो आणि म्हटलं, यंदा ती सत्तर घरं वहीत घ्यायची. पालखी त्यांच्याकडेही न्यायची, हवी असेल त्यांच्याकडे.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या असं काही झालं नाही. एक नाना म्हणाले, पायंडा पडेल. दुसरे म्हणाले, भाडेकरू आज आहेत उद्या नाहीत, देवानं कुणाकुणाचा पत्ता लक्षात ठेवायचा? मानकऱ्यांपैकी एकांनी मुद्द्याला हात घातला, ‘‘खांदा देणार का ते? आज वर्गणी, उद्या खांदा, परवा मान.’’ इमारतीच्या पार्किंगमध्ये पालखी बसवायला विरोध वेगळ्याच कारणानं झाला. खाली सेप्टिक टँक आहे. देव टाकीवर कसा बसवायचा? सोसायटीचे सेक्रेटरी दुसऱ्या दिवशी नकाशा आणि टेप घेऊन आले, टाकी कुठून कुठवर ते खडूनं आखून दाखवलं, आणि गेटाजवळ माडाच्या बुंध्याशी सहा फूट बाय सहा फूट जागा निघाली. नगररचना म्हणतात ती हीच असावी.

हे वाद हलके नाहीत. कोकणात मानपानावरून पालख्या वर्षानुवर्षं बंद आहेत, तहसीलदारांपुढे बैठका होतात. आपली संस्कृती माणसं जोडते असं म्हणताना ती कुणाला बाहेर ठेवून जोडते, हे आपण सोयीनं विसरतो. रत्नागिरीत १९३१ साली भागोजीशेठ कीरांच्या पैशातून पतितपावन मंदिर उभं राहिलं, सावरकर तेव्हा तिथे स्थानबद्ध होते. सर्वांसाठी खुलं देऊळ वेगळं बांधावं लागलं यातच काय ते आलं. आणि महाड तर आमचंच भावंड, २२ जुलैला तेही बुडालं. सी. के. बोल्यांचा ठराव १९२३ साली मुंबई कौन्सिलात पास झाला, सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले. १९२४ ला महाडच्या नगरपालिकेनंही चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर. प्रत्यक्षात २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकरांना हजारो माणसांसह तळ्यावर चालत जावं लागलं, आणि त्यानंतरही कोर्टात दहा वर्षं, १९३७ पर्यंत. शहराच्या मध्यावर असलेलं तळं ही त्या फॉर्मच्या भाषेत सांस्कृतिक मालमत्ताच की.

हे मी बैठकीत बोललो नाही. तेवढं धैर्य नव्हतं. मी एवढंच म्हटलं की ज्या घरांना पाणी नेऊन दिलं त्यांची नावं लिहायला शाई पुरेल.

शेवटी तडजोड झाली. नावं वहीत घ्यायची, पालखी गेटाशी न्यायची, खांद्याचं पुढे बघू. खांद्याचं अजून पुढेच आहे. माझी मुलगी विचारते, बायका कॅन उचलत होत्या तेव्हा कुणी पायंड्याचं बोललं नव्हतं, पालखीला काय होतं? तिला द्यायला माझ्याकडे उत्तर नाही आणि तिला ते माहीत आहे.

त्या शिमग्यात गेटाजवळ माडाखाली पालखी बसली. नर्सिंगच्या मुलींनी ओटी भरली, त्यातल्या दोघी गडचिरोलीकडच्या, त्यांना कशी भरतात ते वॉचमनच्या बायकोनं दाखवलं, कारण ती दरवर्षी कुंपणाबाहेरून बघत आली होती. गुरवांनी गाऱ्हाणं घातलं, ‘‘…ह्या बिल्डिंगीत जे कोण ऱ्हातात, मालक, भाडेकरी, त्यांच्या पोराबाळांना सुखी ठेव म्हाराजा,’’ आणि आम्ही ‘होय म्हाराजा’ म्हटलं. ‘भाडेकरी’ शब्द गाऱ्हाण्यात मी पहिल्यांदा ऐकला. गुरवांनी तो आयत्या वेळी घातला की घरून ठरवून आले होते, ते विचारायचं राहिलं.

विजापूरच्या मुकादमाने ५१ रुपये दिले. पावती फाडताना मी नाव विचारलं तर म्हणाला, ‘‘कुणाचं टाकू? आम्ही आठ घरं आहोत, पण सहा महिन्यांनी दुसरी आठ येतील.’’ मग पावतीवर खोलीचे नंबर टाकले. त्याच्या गावच्या जत्रेत रथ ओढतात, त्याचं वर्णन त्यानं अर्धा तास उभ्यानं केलं. मी बसायला खुर्ची दिली नव्हती, हे नंतर लक्षात आलं.

पुतण्यानं हे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, ‘‘पण काका, शहरानं यात करायचं काय?’’ प्रश्न चांगला आहे. कोकणात कुठल्याही शहरात शिरलात की नाक्यावर फायबरचं काही तरी उभं असतं, आंबा, पापलेट, नाचणारा बाल्या, नाही तर शहराच्या नावापुढे लाल बदाम काढलेली ती मोठाली अक्षरं. मला त्यांचा राग नाही, पोरं फोटो काढतात. पण मी दुकानात सावंतवाडीची लाकडी खेळणी ठेवायचो, चितार आळीतून मागवून. पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची भाजी-फळं, भातुकली. तिथे राजघराण्यानं, शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवींनी, गंजिफाची कला संपत आली होती तेव्हा उरलेल्या जुन्या चिताऱ्याकडून शिकून घेतली आणि राजवाड्यातच काम सुरू केलं, म्हणून ते दशावताराचे १२० गोल पत्ते आज बघायला तरी मिळतात. त्यांनी चौकात गंजिफाचा पुतळा बसवला नाही, शिकाऊ मुलांना बसायला जागा दिली. माझ्याकडे पुढे खेळणी येईनाशी झाली. कारण विचारलं तर चिताऱ्यानं सांगितलं, लाकूड मिळत नाही आणि मुलगा गोव्यात नोकरीला लागला. आता यावर सेल्फी पॉइंट काढून काय होणार?

तेव्हा मी पुतण्याला मला सुचलं ते सांगितलं. सहाणेवर पेव्हर ब्लॉक बसवून तिथे गाड्या लावू नका; पालखी टेकते तीच आळीतली एकमेव उघडी जागा आहे आणि पुरानंतर चिखलातलं सामान वाळत घालायला तीच होती. पालखीच्या वाटेवरच्या केबली वर घ्या. लोटिस्मासारख्या जागांना पुराच्या पातळीच्या वर खोल्या बांधायला पैसे द्या. आणि आळीआळीतल्या वह्या मागू नका. त्यानं मान वर केली. ‘‘का? डिजिटल करता येतील की.’’ मी म्हटलं, ‘कुत्रा’, ‘सुतक’, ‘मुलगा फोन उचलत नाही’ हे लोकांनी मला सांगितलंय, कारण मी त्यांच्या दारात उभा राहतो. उद्या ते कॉम्प्युटरवर दिसलं तर पुढच्या साली शेऱ्याचा रकाना रिकामा येईल. वही ज्याची त्याच्याकडे राहू दे. वह्यावाल्यांना वर्षातून एकदा, पावसाच्या आधी, एका टेबलावर बसवा आणि चहा पाजा. तेवढा खर्च शहराला झेपेल.

त्यानं ते फॉर्ममध्ये लिहिलं. कॉलेजात त्याला किती मार्क मिळाले ते तो सांगत नाही.

शहरानं बसवायची वाट न बघता चाचा आणि मी बसतो, दर मे महिन्याच्या शेवटी, कधी माझ्या दुकानात, कधी त्यांच्या अंगणात. २०२२ पासून चुकलेलं नाही. गेल्या साली बेकरीवाला मालकही आला, त्याच्या पोरांची यादी घेऊन, शेऱ्यासकट: ‘हा रात्री उठवला तर उठत नाही.’

काल चाचांचा फोन आला. नाल्यापलीकडच्या नव्या इमारतीत वरचे दोन मजले भाड्यानं गेलेत म्हणे, माणसं दिसतात, गॅलरीत कपडे वाळत असतात, पण कोण आहेत कळत नाही. ‘‘तुमच्यात घेतलेत की आमच्यात घेऊ?’’

मला माहीत नव्हतं. लिफ्ट बंद आहे असं ऐकलंय. आज दुकान साडेसातला बंद करून जिन्यानं वर जाऊन येणार आहे.